भरिताची कॅसेट

रेकॉर्डर मिळेल. गराजमध्ये वरच्या फळीवर आहे, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे. सेलवर चालतो आणि अजून चालतो. पण एवढी कसली घाई आहे? काकू चहा टाकतेय, तिघंही बसा पाच मिनिटं. इला, ते डेकचं दार लावून घे, गारठा आत येतोय.

मंडळाच्या स्पर्धेसाठी फिल्म करताय, हे तुझ्या आईकडून कळलं. दहा मिनिटांची, सायकॉलॉजिकल थ्रिलर. रिकामं घर, एकटी मुलगी आणि जुन्या टेपवरचा आवाज. तो आवाज म्हणजे तुझ्या आजोबांच्या रेकॉर्डिंगमधली वाक्यं कापून लावणार आहात, हेही कळलं. ते ऐकूनच मी तुला फोनवर म्हटलं, रेकॉर्डर न्यायला रात्री ये, जेवण झाल्यावर. मला काही सांगायचं होतं.

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. सव्वीस वर्षं डेटाबेस सांभाळले. लॉगमध्ये नोंद नाही तर ती गोष्ट घडलीच नाही, असं ऑफिसात सगळ्यांना ऐकवून ऐकवून बोअर करणारा अरुणकाका तो मीच. तेव्हा हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. नंतर तुम्हाला हसवणार नाही.

शंतनू नावाचा एक मुलगा होता. नागपूरचा. दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये इथे एमएस करायला आला. त्याचे बाबा आणि मी एका कॉलेजचे, म्हणून एअरपोर्टवर घ्यायला मी गेलो. दोन बॅगा होत्या, एकीत कपडे आणि दुसरीत सहा कॅसेट. त्याच्या आईनं दिलेल्या. मृणालिनीबाई. शाळेत शिकवायच्या. पोराला चहासुद्धा येत नव्हता आणि पुस्तक दिलं तर तो उघडणार नाही हे त्यांना माहीत, म्हणून बाईंनी रेकॉर्डर ओट्यावर ठेवून सगळा स्वयंपाक टेप केला. वरणाची एक, पोह्यांची एक, भाज्यांच्या तीन आणि भरिताची एक.

त्यांची पद्धत अशी, की मुलगा शेजारी उभा आहे असं समजून बोलायचं. एक गोष्ट सांगायची, मग गप्प बसायचं. तो ती करेपर्यंत थांबायचं. खरंच थांबायच्या हो, दोन-दोन मिनिटं. टेपवर नुसतं घड्याळ ऐकू यायचं. मग विचारायच्या, "झालं का?" परत थोडं थांबायचं. आणि पुढचं.

पोरगं वरून गाणी टेप करेल म्हणून प्रत्येक कॅसेटच्या कडेच्या त्या दोन टिकल्या बाईंनी स्वतः मोडल्या होत्या. तुम्हाला ठाऊक नसेल. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या टिकल्या असतात, त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. एवढं लक्षात ठेवा.

भरिताची कॅसेट मी ऐकलेली आहे, एकदा नाही, चारदा. तो इथे यायचा, मागच्या उघड्या डेकवर, माझ्या त्या छोट्या कोळशाच्या ग्रिलवर वांगं भाजायचा. कॅसेट बाजूला चालू. "सुरी घे. वांग्याला चार चिरा दे. खोल दे, घाबरू नकोस." मग घड्याळ. "धूर होईल, खिडकी उघड आधी. उघडलीस?" मग घड्याळ. "आता साल काढ. हात पोळेल, पण काढ." आणि शेवटी, "झालं का?" मग बराच वेळ काही नाही. मग, "बस आता जेवायला. गार होईल."

शंतनू कधी उत्तर द्यायचा नाही. मान खाली घालून वांगं सोलायचा. मी चेष्टा करायचो, अरे, आई एवढं विचारतेय, हो तरी म्हण. तो म्हणायचा, "काका, तिला ऐकू जातंय का?"

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये बाई गेल्या. हार्ट. घरात दुपारी बसल्या बसल्या. आदल्या रात्री शंतनूचं फोनवर बोलणं चालू होतं, त्या विचारत होत्या जेवण झालं का, आणि फोनकार्डाची मिनिटं संपली. उद्या करू, म्हणून त्यानं नवीन कार्ड घेतलं नाही.

त्याला जायचं होतं. तो इथे, या खुर्चीत बसून मला विचारत होता, काका, जाऊ ना? ते वर्ष कसलं होतं तुम्हाला माहीत नाही, अकरा सप्टेंबरनंतरचं. व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेलेली मुलं सहा सहा महिने तिकडे अडकली होती. मी म्हटलं, जाऊ नकोस. तिथे जाऊन तरी आता काय करणार आहेस? वर्ष वाया जाईल, आईला ते आवडलं असतं का? अगदी शहाण्यासारखं बोललो मी. तो गेला नाही. तिकडे अग्नी त्याच्या चुलतभावानं दिला.

मग त्या फॉल सेमिस्टरमध्ये त्यानं फिल्म काढली.

युनिव्हर्सिटीच्या फिल्म क्लबची स्पर्धा होती. तिघांचा ग्रुप. गोष्ट शंतनूची, दिग्दर्शन त्याचं, आणि पडद्यावर माणूसही तोच एकटा. कॅमेऱ्यावर आश्लेषा, मुंबईची, त्याच्याच वर्गातली. साउंडला कुश, तो इथेच जन्मलेला, अंडरग्रॅडच्या दुसऱ्या वर्षाला. गोष्ट अशी, की एक मुलगा रात्री एकटा घरात आईची टेप लावतो आणि ती सांगेल तसं करत जातो. तो काय कापतोय ते दिसत नाही. आई विचारत राहते, हा उत्तर देत नाही. अगदी शेवटच्या शॉटमध्ये तो पहिल्यांदा बोलतो, "झालं, आई." संपलं.

आवाज त्यानं खऱ्या आईचा घेतला. भरिताची कॅसेट कुशकडून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि उतरवताना प्रेमाचं, काळजीचं जे जे होतं ते गाळलं. "हात पोळेल" गेलं. "खिडकी उघड" गेलं, कारण त्यात भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. "जेवायला बस" गेलं. वांगं हा शब्दही गेला.

चार डिसेंबर दोन हजार दोन. बुधवार. अमावस्या होती, पण ते नंतर काकूनं कॅलेंडरमध्ये बघितलं. संध्याकाळी साडेपाचला तो माझ्याकडे आला. त्याला ती ग्रिल हवी होती, त्याच्या रेकॉर्डरचे चार मोठे सेल हवे होते आणि कोळसे. शेवटचा सीन उरला होता, शुक्रवारी टेप द्यायची होती. बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि पडल्या पडल्या गोठत होता. मी म्हटलं, काळजी घे, रस्ते घसरडे होतील. सेल दिले. गराजमधून ग्रिल काढून दिली. कोळशाची अर्धी पिशवी माझ्या हातानं त्याच्या डिकीत ठेवली.

ती नक्कल केलेली कॅसेट त्यानं आम्हाला ऐकवली. खूश होता. इथे, याच टेबलावर. "सुरी घे... खोल दे, घाबरू नकोस... साल काढ... ठेच... झालं का?" तोच आवाज, तीच बाई. काकू उठून आत गेली. मी म्हटलं, अरे शंतनू, आईचा आवाज आहे तो.

तो म्हणाला, "म्हणूनच ना, काका."

जाताना त्यानं मूळ कॅसेट माझ्या हातात दिली. शूटिंगमध्ये कुठे हरवायला नको, तुमच्याकडे ठेवा. मी ती आतल्या खोलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, पासपोर्टांच्या जोडीला, आणि किल्ली फिरवली.

पुढचं मी बघितलेलं नाही. कुश आणि आश्लेषानं सांगितलेलं आहे, दोघांनी वेगवेगळं, आणि दोघांचं जुळतं.

इथल्याच कॅरी गावातलं भाड्याचं टाउनहाउस. रूममेट लायब्ररीत गेले होते ते रस्त्यांमुळे तिकडेच अडकले. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर. ग्रिल बाहेर पेटवायची असं ठरलं होतं, पण बाहेर बर्फाचा पाऊस. तेव्हा आत आणली. कुश म्हणाला, "शंतनू, नो. यू कान्ट डू दॅट इनसाइड." शंतनू हसला. आमच्याकडे नागपूरला थंडीत खोलीत शेगडी असतेच, म्हणाला. आश्लेषालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडच्या कुणालाच वाटलं नसतं. आपल्याकडे दाराखालून वारा येतो, कौलांतून येतो. इथली घरं झाकण लावलेल्या डब्यासारखी बंद असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? माझ्या नव्हतं आलं.

स्मोक अलार्म वाजून शॉट बिघडेल, म्हणून त्याचा सेल काढून ठेवला. सिंकवरची खिडकी उघडी ठेवली.

अकरा वीसला वीज गेली. ती कॅरीत आठवडाभर आली नाही, ते तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होतात. यांना तर आनंदच झाला. खरा अंधार मिळाला. कॅमेरा बॅटरीवर, रेकॉर्डर सेलवर, उजेडाला मेणबत्ती आणि निखारे. टेबलावर ताट, ताटासमोर रेकॉर्डर, समोर शंतनू.

पण बाहेर झाडं मोडत होती. बर्फाच्या वजनानं पाइनच्या फांद्या तुटत होत्या. दर मिनिटाला बंदूक झाडल्यासारखा आवाज. कुशच्या हेडफोनमध्ये सगळा येत होता. एक टेक गेला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्यानंच उठून खिडकी लावली.

धूर तोवर संपला होता. निखारे नुसते लाल. वास नाही, काही नाही.

टेक चार. आई विचारते, "झालं का?" शंतनू तोंड उघडतो... आणि गप्प. कट. कॅसेट मागे. टेक पाच. "झालं का?" तोंड उघडतो. काही नाही. आश्लेषा म्हणाली, अरे, दोनच शब्द आहेत. त्याला माहीत होतं. तोच तर लिहिणारा. सहा. सात. आठ. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि थांबायचे. आश्लेषा मला म्हणाली, तेव्हा कळलं, यार हा ॲक्टिंग करतच नाहीये.

मग तिनं विचारलं, सोडून देऊ या का आज? शंतनू म्हणाला, "एकदाच. मला तिला एकदाच सांगू दे."

बारावा टेक की तेरावा, कुणाला आठवत नाही. आश्लेषाचं डोकं ठणकत होतं. जेवलो नाही म्हणून असेल असं वाटलं तिला. कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली. कुश हेडफोन लावून जमिनीवर. त्याचे डोळे मिटत होते. टेप चालू होती.

सुरी घे.

खोल दे.

साल काढ.

झालं का?

...

काहीच नाही. फांद्यांचा आवाजही थांबला होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला. बॅटरी संपली असावी. कुणी उठलं नाही. उठावंसं वाटलं नाही. छान वाटत होतं, कुश म्हणाला. ऊब होती.

मग हेडफोनमध्ये...

"खिडकी उघड."

कुशला वाटलं, झोपेत ऐकलं. नक्कल त्यानंच उतरवली होती. त्यात हे वाक्य नव्हतं.

"खिडकी उघड. उघडलीस?"

मग शांत. घड्याळ.

त्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं.

"खिडकी..."

या वेळी हेडफोनमध्ये नाही. मानेजवळ.

त्यानं हेडफोन ओढून काढले. उभं राहायला गेला, पाय नव्हतेच. रांगत गेला. सिंकवर चढला. खिडकी बाहेरून बर्फानं गच्च. हलेना. हाताला कॅमेऱ्याचा स्टँड लागला. कॅमेऱ्यासकट उचलला आणि काचेवर घातला.

त्याआधी त्यानं एकदा मागे बघितलं होतं. मेणबत्ती विझत आली होती. रेकॉर्डरचं बटण वर आलेलं. म्हणजे टेप संपलेली. शंतनू खुर्चीत ताठ बसला होता, रेकॉर्डरकडे तोंड करून. ओठ हलत होते. काहीतरी सांगत होता. थांबायचा... ऐकायचा... परत सांगायचा.

कुश म्हणाला, "काका, ही वॉज स्मायलिंग."

मला फोन तीन वाजून दहा मिनिटांनी आला. गाडी निघेना, रस्त्यावर झाडं आडवी. चालत गेलो, दीड मैल, चार वेळा पडलो. मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स नुकतीच आली होती. आश्लेषा बाहेर पायरीवर ब्लँकेटमध्ये, ओकत होती. कुश रडत होता. शंतनूला आत जमिनीवर ठेवलं होतं. गाल लालचुटुक. कोळशाच्या गॅसनं तसं होतं म्हणे. मला क्षणभर वाटलं, वाचला.

तो ग्रिलच्या सर्वांत जवळ बसला होता. एवढंच कारण. डॉक्टरांनी तेच सांगितलं. आवाजाबद्दल कुशनं विचारलं तर म्हणाले, त्या गॅसनं भास होतात. मलाही ते पटलं. मला पटायलाच हवं होतं. ग्रिल माझी होती. कोळसे माझे होते. आणि मार्चमध्ये, जाऊ नकोस, तिथे जाऊन आता काय करणार आहेस, असं सांगणाराही मीच. सहा वर्षं झाली, मी त्यानंतर ग्रिल विकत घेतलेली नाही. आश्लेषा वर उत्तरेत श्रूजबरीला असते, दोन मुलं आहेत तिला. तिथल्या थंडीतही स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवते, नवरा चिडतो. कुश साउंडचं काम पुन्हा कधी करायला गेला नाही.

या वेळी मात्र मी गेलो. त्याला घेऊन नागपूरला गेलो, बाबांच्या ताब्यात दिला आणि दहाव्या दिवशी परत आलो. बाबांनी माझ्याकडे एकच मागितलं. तिच्या कॅसेट असतील तर पाठवा, म्हणाले. पाच त्याच्या खोलीत मिळाल्या. सहावी माझ्याकडे.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ड्रॉवर उघडला. कुलूप तसंच. पासपोर्ट तसेच, त्यांच्या जोडीला कॅसेट. पाकिटात घालायच्या आधी नीट वाजते का बघावं, म्हणून तुम्ही न्यायला आलात तो आमचा रेकॉर्डर घेतला. काकू शेजारी बसली होती.

सुरी घे. चार चिरा दे. घड्याळ. खिडकी उघड आधी, उघडलीस? घड्याळ. सगळं ओळखीचं. मला पाठ होतं. साल काढ. हात पोळेल, पण काढ. ठेच. मीठ.

"झालं का?"

इथे बाई बराच वेळ थांबायच्या. मी सांगितलं ना तुम्हाला. नुसतं घड्याळ...

घड्याळ...

आणि मग शंतनू.

"झालं, आई."

तोच. खोकला झाल्यासारखा जरा बसलेला आवाज. लांबून नाही, तिच्या शेजारून. आणि ती, नेहमीचंच, "बस आता जेवायला. गार होईल."

काकूनं हात पुढे करून बटण बंद केलं.

ती मी बाबांना पाठवली नाही. पाच पाठवल्या, सहावी सापडली नाही म्हणून कळवलं. आयुष्यात एवढं एकच खोटं मी कुणाला लिहून दिलंय. नंतर ती पुन्हा लावलेली नाही. इला, रेकॉर्डर घेऊन जा, तुमची फिल्म करा. आजोबांचं मात्र काही गाळू नकोस. आणि ते विचारत असतील काही, तर आधी घरी बसून उत्तर दे.

नाही, ऐकवणार नाही. पण ही बघ. हातात घे, घाबरू नकोस. वरची कड बघ. बाईंनी मोडलेल्या टिकल्या... दोन्ही भोकं तशीच आहेत. बोट फिरवून बघ.